शेपटाच्या मागे कोणी नसतं

भूतबित मी मानत नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी गैरसमज नको. माझी सगळी नोकरी कापसाची प्रत ठरवण्यात गेली. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, ओल बघायची, किडकी, डागी कवडी किती मिसळली आहे ते बघायचं, चिमटीत धागा ओढून त्याची लांबी बघायची आणि सांगायचं – हा अमुक ग्रेड. डोळ्यांना दिसलं आणि बोटांना लागलं तेवढंच खरं, अशी सवय लागलेल्या माणसाच्या वाट्याला नेमका हा अनुभव यावा याची मला गंमत वाटते... आणि थोडा रागही येतो. तुमच्या सदरात असले प्रकार लोक मोकळेपणानं लिहितात, हे पाहून आज हिंमत केली.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बदलीनं यवतमाळला आलो आणि तिथेच राहिलो. गोष्ट तेव्हाची, जेव्हा यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं आणि एकदाही चांगल्या कारणानं यायचं नाही. लाल्या रोग पडून कपाशीची शेतं तांबडी झालेली, भाव पडलेला, खरेदी केंद्रावर पूर्वीसारख्या गाड्यांच्या रांगा नाहीत. अशा दिवसांत ग्रेडर हा कोणालाच आवडत नाही. वरची प्रत दिली तर वरचे साहेब विचारतात, खालची दिली तर समोरचा माणूस काही न बोलता फक्त बघतो. ते बघणं फार वाईट. शिवाय आमच्यात एक शिस्त होती – हंगामात कोणाच्या हातचा चहा घ्यायचा नाही. आज चहा घेतला की उद्या त्याच्या कापसाला हात लावताना लोक आपल्या तोंडाकडे बघतात. मी हे इतकी वर्षं पाळलं की हंगाम संपल्यावरही मला कोणी चहाला बोलवेनासं झालं. दोष त्यांचा नाही.

घरात बायको होती तोवर हे जाणवलं नाही. शोभा गेली आणि घर एकदम मोठं झालं. मुलगी अश्विनी पुण्यात शिकत होती. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. जेवलात का, जेवलो, थंडी आहे का, आहे. मग दोन्हीकडे शांतता, आणि तिच्या मैत्रिणींचा मागून येणारा आवाज. मला तिला खूप सांगायचं असायचं, मुख्य म्हणजे तिच्या आईविषयी. ती गेल्यापासून आम्ही दोघांनी तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण तोंड उघडलं की माझ्या तोंडून पुन्हा थंडीच निघायची. शेवटी एकदा पोरगीच वैतागून म्हणाली, "बाबा, माणसांत जा जरा. माझ्याशी बोलता येत नाही तर दुसऱ्या कोणाशी तरी बोला."

म्हणून मी गावातला एक भटकंतीचा क्लब धरला. नाव मोठं होतं, पण आम्ही सगळे त्याला तंबूवाले म्हणायचो. शनिवार-रविवारी इंग्रजांच्या काळातलं काहीतरी बघायला जायचं आणि तिथेच तंबू ठोकायचा. जुन्या जिनिंगची धुराडी, रेल्वेचे पूल, पडके डाकबंगले. क्लब चालवायचे राठोड सर. हायस्कूलला इतिहास शिकवायचे, पुसदकडच्या तांड्यातले. इंग्रजांची रेल्वे येण्याआधी ह्या मुलखातला माल त्यांच्याच पूर्वजांच्या बैलांवरून हिंडायचा, आणि दर ट्रिपला ते हे एकदा तरी ऐकवायचे. "इंग्रजाच्या गाडीनं आमचे बैल बसवले, म्हनून त्याच्या इमारती पडलेल्या पाहाले मले बरं वाटते," असं म्हणून स्वतःच हसायचे. दुसऱ्या वंदनाताई, सरकारी दवाखान्यात सिस्टर. बोलायला फटकळ. कोणी भुताची गोष्ट काढली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आमच्या घरून छप्पन सालच्या दीक्षेतच देव गेले, आता भुतं कुठून राह्यतीन?"

क्लबचा एक नियम होता. ओळीनं चालताना सगळ्यात पुढे राठोड सर आणि सगळ्यात मागे एक ठरलेला माणूस, ज्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटानं कोणाच्याही पुढे जायचं नाही. कोणी लघवीला थांबला, कोणाचा बूट चावला, की शेपटानंही थांबायचं. मधूनमधून शेपटानं एकदा शिट्टी मारायची, पुढून दोनदा उत्तर यायचं. हे काम कोणालाच नको असायचं. मी ते पहिल्याच ट्रिपला मागून घेतलं आणि पुढे ते माझंच झालं. खरं कारण सांगतो, सगळ्यात मागे चालणाऱ्याला कोणाशी बोलावं लागत नाही. म्हणजे माणसांत गेलो खरा, पण त्यांच्या पाठी बघत.

त्या शनिवारी आम्ही एसटीनं बोरी अरबला उतरलो. आधी छोट्या रेल्वेचा पूल बघितला, मग पलीकडच्या गावातली बंद पडलेली कापसाच्या गाठी बांधायची जुनी प्रेस. तिथं भिंतीत अजून विलायतेतल्या कंपनीचं नाव ओतलेली लोखंडी चाकं आहेत. गावातले लोक गोळा झाले. त्या दिवसांत टोप्या घातलेले, कॅमेरेवाले लोक दिसले की लोकांना सरकारची समितीच वाटायची. एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि लाल पडलेलं पान दाखवायला लागले. मी म्हटलं, आम्ही फिरायला आलोय. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं जमीन दुभंगावी.

दुपार कलल्यावर तिथून मुक्कामाच्या डाकबंगल्याकडे निघालो. बैलगाडीची वाट, दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधे मधे तुरीच्या ओळी. सगळे पुढे बोलत-हसत चाललेले, मी मागे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे हात डोळ्यांपुढून जात नव्हते. मी मनाशी ठरवत होतो की ही शेवटची ट्रिप. अश्विनीला सांगायचं, जमलं नाही बाई. माणसांत जाऊनही जर एकटंच चालायचं, तर घर काय वाईट?

वाटेत नाल्यावर इंग्रजांच्या वेळचा एक छोटा दगडी पूल लागतो. तो ओलांडून मी थोडा पुढे आलो, सवयीनं मागे वळून बघितलं, तर पुलाच्या कठड्यावर आमचा एक माणूस बसलेला. आमचा म्हणजे – डोक्यावर क्लबची पिवळी टोपी, पाठीला सॅक, वाकून बुटाची नाडी बांधत होता. टोपीमुळे चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, कोणीतरी तुरीत लघवीला गेला असेल आणि माझ्या लक्षात आलं नाही. स्वतःचाच राग आला. शेपटाच्या मागे कोणी राहूच कसा शकतो?

मी थांबलो. त्याची नाडी काही संपेना. हाक मारली तेव्हा त्यानं मान वर न करता एक हात उचलला आणि हलवला – तुम्ही व्हा पुढे, अशा अर्थी. पण मला पुढे होता येत नव्हतं, नियम होता. मी शिट्टी मारली, लांबून दोन शिट्ट्यांचं उत्तर आलं. म्हटलं, चला, मी थांबलोय हे त्यांना कळलं. तेवढ्यात मागून पऱ्हाट्या भरलेली एक बैलगाडी पुलावर आली. गाडी पुढे सरकून माझ्याजवळून गेली आणि बघतो तर कठड्यावर कोणी नाही.

मला भीतीबिती वाटली नाही. वाटली ती काळजी – माणूस खाली तर पडला नाही? धावत मागे गेलो. पुलाखाली उतरलो, नाल्यात जेमतेम घोट्याएवढं पाणी. तुरीत शिरून हाका मारल्या. कोणाचं नाव घेऊन मारणार? नुसतंच 'अहो' करत राहिलो. पलीकडच्या शेतात एक बाई एकटीच कापूस वेचत होती, कमरेची ओटी कापसानं भरलेली. तिला विचारलं, पिवळ्या टोपीतला माणूस इकडे आलेला बघितला का.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पिवळ्या टोपीवाले? तुमीच तं आताच गेलते ना त्यायच्या संगं," ती म्हणाली. "मांगं काहून आले?"

मी म्हटलं, मी नाही, दुसरा कोणी असेल, आमच्या सगळ्यांच्याच टोप्या सारख्या. तिनं खांदे उडवले आणि पुन्हा बोंडांना लागली. समितीच्या माणसांचं काय खरं, असा तिचा चेहरा होता.

मी किती वेळ शोधलं सांगता येणार नाही. ऊन पिवळं झालं, मग गेलं. अधूनमधून शिट्टी मारत होतो, आणि दर वेळी पुढून दोन शिट्ट्या ऐकू यायच्या, प्रत्येक वेळी आणखी लांबून. म्हणजे ते थांबलेच नव्हते. एका क्षणी मी त्या कठड्यावर, तो बसला होता तिथेच, टेकलो. मी चेहराही न दिसलेल्या माणसासाठी नाला पालथा घातला होता. आणि माझ्यासाठी मागे फिरून कोणी आलं नव्हतं. शोभा गेल्यानंतर मला रडू आलं नव्हतं, तेव्हाही आलं नाही. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला बंगला दिसला. तो बंगला मुळात एका माणसासाठीच बांधलेला. एक मोठी खोली, भिंतीत शेकोटी, समोर लांब व्हरांडा. कापसाच्या कामावर आलेला कोणी गोरा साहेब तिथं महिनोन्‌महिने एकटा राहत असे, असं सरांनी सांगितलं होतं. पण त्या संध्याकाळी व्हरांड्यासमोर जाळ होता, भोवती आमची सगळी मंडळी आणि हसण्याचा आवाज. मी जवळ जाऊन घाईघाईनं म्हणालो, एक माणूस मागे राहिलाय, बॅटऱ्या घ्या, निघा.

कोणीच उठलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बघणं नेहमीचं नव्हतं. कसं सांगू... घरातलं माणूस बाहेरून आल्यावर बघतात तसं. वंदनाताईंनी सरकून बाजूला जागा केली आणि म्हणाल्या, "या भाऊ, बसा. पानी आनाले इतका वेळ लागते का?"

वंदनाताई मला नेहमी घाडगे साहेब म्हणायच्या. त्या दिवशी सकाळीसुद्धा साहेबच म्हटलं होतं.

मी पुन्हा सांगितलं, कोणीतरी मागे राहिलंय. राठोड सरांनी एकेकाकडे बोट दाखवत सगळे मोजले. सगळे होते. मग ते जरा गोंधळून म्हणाले की तुम्ही तर आमच्याबरोबरच पोचलात, पुलापासून तुमची शिट्टी अगदी पाठीशीच होती, येऊन बसलात, बोललात, आत्ता पाणी आणतो म्हणून विहिरीकडे गेलात. वंदनाताईंच्या शेजारी पायरीवर स्टीलचा कप होता. अर्धा चहा उरलेला आणि वाफ निघत होती. त्या म्हणाल्या, तुमचाच आहे, संपवा, थंड होईल.

मी म्हटलं, मी चहा घेतलेला नाही. मी आत्ता येतोय. माझी सॅक अजून पाठीवर आहे, बघा.

मग वंदनाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "भाऊ, मघा रडले म्हनून लाजून राह्यले का? त्यात लाजाचं काय हाय? दवाखान्यात आमी रोज पाह्यतो, जो रडते तो लवकर बरा होते."

मी खाली बसलो.

रात्री काही विचारायची ताकद नव्हती, झोपून गेलो. सकाळी राठोड सरांना बाजूला घेतलं आणि विचारलं, काल मी काय काय बोललो. त्यांना वाटलं मी संकोचतोय. म्हणाले, "साहेब, तुमी इतकं गोड बोलता हे आमाले मालूमच नोतं. वैनीची ती म्हाताऱ्याची गोष्ट तं मी घरी जाऊन बायकोले सांगनार हाय."

आणि त्यांनी मला माझीच गोष्ट सांगितली. हंगामात मी केंद्रावरून परतायचो तेव्हा केसांत, भुवयांत, मिशीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. शोभा मला उंबऱ्यातच अडवायची. म्हणायची, "ह्या म्हाताऱ्याला मी ओळखत नाही, माझा नवरा तरुण आहे." मग पदरानं एकेक भुवई पुसायची, आणि आतून तिचा नवरा निघाला की घरात घ्यायची. शेवटच्या हंगामात तिला उठवत नव्हतं. मी तिच्या खाटेपाशी जाऊन वाकायचो आणि ती पडल्या पडल्या पुसायची. एक दिवस तिनं खूप पुसलं आणि म्हणाली, "अहो, ही निघत नाही." भुवई खरोखरच पांढरी झाली होती. आम्ही दोघं हसलो होतो. खूप हसलो होतो.

ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. त्यातलं एक गेलं. अश्विनी तेव्हा हॉस्टेलला होती, तिलाही माहीत नाही. आणि मी ती कोणाला, कधीही, झोपेतसुद्धा सांगितलेली नाही. सर म्हणाले, इथपर्यंत सगळे हसत होते, मग तुम्ही म्हणालात की आता भुवई पुसायला कोणी नाही, आणि रडलात. अगदी लहान पोरासारखे रडलात.

परत आल्यावर वंदनाताईंनी मला धरून नेऊन बीपी, शुगर सगळं तपासून घेतलं. काही निघालं नाही. नागपूरला एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कदाचित तुम्ही खरंच त्यांच्याबरोबर चालत गेला असाल आणि आठवणीत काही सरमिसळ झाली असेल, मनावर ताण असला की असं होतं. मी मान डोलावली. मलाही ते पटायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मी राठोड सरांना घेऊन त्या पुलाशी गेलो. ती बाई त्याच शेतात होती. सरांना वाटत होतं मी उगाच मनाला लावून घेतलंय, म्हणून मी बोललोच नाही, त्यांनाच विचारायला लावलं. तिला आम्ही आठवलो. मला वरून खाली न्याहाळून ती म्हणाली, हो, दोघं होते. एक त्या लोकांबरोबर गेला, आणि मग हे मागून शोधत आले. मग तिनं मलाच विचारलं, "तुमी दोघं भाऊ भाऊ हाय का? तोंड तं एकच हाय. पन पयले गेले ते हसून राह्यलते. तुमी नाई."

परतीच्या वाटेवर सरांकडून बैलांची गोष्टसुद्धा निघाली नाही.

वंदनाताईंना सांगितलं तर त्यांनी उडवून लावलं. म्हणाल्या, भुतं लोकांना घाबरवतात, कोणाचं दुःख हलकं करायला येत नाहीत, तेव्हा तुम्हीच होता.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, क्लबही आता मोडल्यात जमा आहे. पण ती माणसं राहिली. वंदनाताई मला अजून भाऊच म्हणतात, राखी बांधतात. राठोड सरांच्या घरी सणाला माझं ताट असतं. मी आजारी पडलो तेव्हा त्यांच्या बायकोनं पंधरवडाभर डबा पाठवला. हे सगळं मला मिळालं ते त्या एका संध्याकाळच्या बोलण्यामुळे, आणि ते बोलणं मी केलेलं नाही. तुम्ही विचाराल, भीती वाटत नाही का हो? नाही वाटत. खरं सांगायचं तर हेवा वाटतो. मी आयुष्यभर पाठी बघत चाललो, आणि तो आला, बसला, आणि एका कप चहात सगळ्यांचा होऊन गेला.

अश्विनी आता तिच्या संसारात आहे. रविवारचा फोन अजून येतो. जेवलात का, जेवलो. तिला तिच्या आईची ती गोष्ट सांगायची मला फार इच्छा आहे. पूर्ण गोष्ट मला पाठ आहे, उंबरा, पदर, भुवई, सगळं. अडतं ते सुरुवातीला. थंडीबद्दल बोलून झालं की पुढे काय म्हणायचं, कुठून शिरायचं, तेच सुचत नाही. त्याला त्या दिवशी ते जमलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी जाळाभोवती बसलेल्या प्रत्येकाला मी एकेकदा गाठून विचारलं आहे – तो बोलायला लागला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य काय होतं?

गोष्ट सगळ्यांना आठवते. रडणं आठवतं. पहिलं वाक्य कोणालाच आठवत नाही.